नवव्या डावाचा पंच

‘ती किल्ली खिशात घाल, शीतल,’ मी तिसऱ्यांदा सांगितलं.

पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो नुसता हसला. दुसऱ्यांदा म्हणाला, ‘सवय आहे गं आई, हाताला काहीतरी चाळा लागतो.’ तिसऱ्यांदा मात्र त्याने बुलेटची किल्ली बोटातून काढून खिशात टाकली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काय मीच त्याचं काहीतरी चोरलंय. पस्तिशीचा बाप्या. हॉल उघडल्यापासून सहा वर्षं तिथेच वावरलेला. खेळणारा माणूस टेबलावर वाकला की बाकीच्यांनी मुकाट उभं राहायचं, एवढं साधं त्याला कळू नये? बाहेरचं कोणी असतं तर दंडाला धरून रस्त्यावर घातलं असतं. पण तो माझा धाकटा. आणि टेबलावर वाकली होती ती त्याचीच बायको, माझी सून त्रिशला.

अकरा वर्षं झाली या मॅचला. तेव्हा आमच्या इचलकरंजीत पूलचे तीनच हॉल होते, आणि त्यातला धड एकच. माझा. मालकांच्या माघारी यंत्रमाग मोडीत गेले, शेड रिकामी पडली. दोघा पोरांनी त्यात तीन टेबलं बसवली आणि मला गल्ल्यावर बसवलं. मी तिसरीतून शाळा सोडलेली बाई. आकडे येतात, सही येते, बास. पण पहिलं टेबल बसवायला कोल्हापूरहून जे गृहस्थ आले होते, ते दोन दिवस काम करता करता बोलत होते आणि मी ऐकत होते. समोरचा खेळत असताना आपण आपल्या खुर्चीत बसायचं. तो वाकला की स्टिकला खडू घासायचा नाही. ज्या पॉकेटावर त्याचा नेम, त्याच्या मागे उभं राहायचं नाही. चहाचा कप टेबलाच्या काठावर ठेवायचा नाही. हरेल त्याने पुढच्या डावाचे बॉल मांडायचे. समोरच्याने चांगला मारला तर आपल्या स्टिकचं बूड फरशीवर दोनदा हळू आपटायचं, ती शाबासकी. मला खेळता येत नाही, स्टिक कधी हातात धरली नाही. पण रीत पाठ झाली, आणि माझ्या हॉलात रीत मोडून कोणी दुसऱ्या दिवशी टेबलाला हात लावला नाही. म्हणून तर मिरज, सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी अशी चार गावांची लीग सुरू झाली तेव्हा शेवटची मॅच माझ्याकडे ठेवली आणि पंच म्हणून मलाच बसवलं. सुनेची मॅच आहे, दुसरं कोणीतरी बघा, असं मी म्हणाले होते. तेव्हा समोरचा गडीच म्हणाला, ‘आक्का पंच असतील तर मला दुसरा नको.’

समोरचा गडी म्हणजे मिरजेचे नदाफ. गाद्यांचं दुकान, वय पन्नाशीच्या पुढे, पोट सुटलेलं, पण टेबलावर वाकले की हात असा स्थिर की घड्याळाचा काटा हलेल, हात हलणार नाही. मागच्याच रविवारी त्यांनी शीतलला पाच-एक असं झोपवलं होतं. आता त्रिशला त्यांच्यासमोर होती. पाच डाव आधी जिंकेल त्याने पुण्याला जायचं, राज्याच्या स्पर्धेला.

आणि आमच्या घरात त्याहून एक मोठी गोष्ट ठरलेली होती.

शीतल हरला त्याच रात्री जेवताना म्हणाला होता, ‘हे बघ, रविवारी जिंकलीस तर पुण्याला जा, मी स्वतः सोडायला येतो. पण हरलीस तर स्टिक माळ्यावर टाकायची. कायमची. दोघांनीही टेबलाभोवती फिरायचं म्हटल्यावर घर कोणी बघायचं?’

त्रिशला भाकरी मोडत होती. ती नुसतं ‘बरं’ म्हणाली.

‘बघ हं, आईसमोर बोलतीयस,’ तो म्हणाला.

‘बरं म्हटलं की.’

मला तेव्हा पोराचं कौतुक वाटलं. आमच्या भावकीत कुठला नवरा बायकोला असल्या खेळापायी पुण्याला सोडायला जाईल? माझा शीतल दिलदार, असं मी थोरल्या जावेला फोन करून सांगितलंसुद्धा.

तर रविवारी सकाळी अकराला मॅच लागली. चाळीसेक माणसं भिंतीकडेला बसलेली, चार गावांची. मी टेबलाच्या मध्यावर उंच स्टुलावर. गुडघ्यांमुळे मला उभं राहवत नाही. पहिले चार डाव झाले तेव्हा शीतल त्याच्या सुताच्या गोदामात होता. त्या चारांतले तीन त्रिशलाने घेतले. नदाफांनी दोनदा स्टिक आपटली. एकदा तर मोठ्याने म्हणाले, ‘वहिनी, हा बॉल मला देवानंसुद्धा दाखवला नव्हता.’ सगळे हसले. ती हसली नाही, पण तिचे कान लाल झाले. मला वाटलं, झालं, ही पुण्याला चालली. आता तिच्या बॅगेत मेथीचे ठेपले घालायचे का लाडू, इथपर्यंत माझं मन पोहोचलं.

मग शीतल आला. पांढरा शर्ट, हातात किल्ली.

पाचवा डाव गेला. सहावा गेला. किल्ली खिशात गेली ती सहाव्यात. मी मनाशी म्हटलं, बायकोची काळजी वाटत असेल, म्हणून किल्ली खेळवत होता. किल्ली गेल्यावर त्याला खोकला लागला. पंख्याची धूळ असेल म्हटलं. मग तो खिडकीकडच्या पॉकेटामागे जाऊन उभा राहिला. मी हाताने ‘बाजूला हो’ अशी खूण केली. तो झाला बाजूला. पण कधी? त्रिशला वाकली, स्टिक मागे ओढली, आणि नेमका तेव्हा. तो पांढरा शर्ट तिच्या डोळ्यासमोरून सरकला आणि बॉल पॉकेटाच्या ओठाला लागून परत आला.

‘सॉरी सॉरी,’ तो म्हणाला. ‘आईनंच हलायला सांगितलं.’

लोक हसले.

मग मी बॉल बघायचे सोडले. माझ्या पोराकडे बघायला लागले. नदाफ वाकले: शीतलचे हात मागे बांधलेले, पाय जमिनीत रोवलेले, श्वाससुद्धा घेतो का नाही कळू नये. नदाफांचा बॉल गेला. दुसऱ्यांदा वाकले: तसाच, देवळातल्या खांबासारखा. मग नदाफांचा बॉल चुकला आणि त्रिशला उठली. ती टेबलाभोवती फिरली, खडू लावला, वाकली. शीतलने मनगट वर करून घड्याळ बघितलं. त्याच्या घड्याळाच्या काचेवर ट्यूबलाइट चमकली. तिचा बॉल चुकला.

नदाफ वाकले, तो दगड. ती वाकली, तो हलला. सातव्या डावात असं पाच वेळा झालं. पाचही वेळा मी बघितलं. तीन-चार.

मी चहा मागवला. कशाला मागवला कळलं नाही, प्यायले नाही. काय करायचं? उठून म्हणायचं, की माझा मुलगा आपल्या बायकोला हरवायला बघतोय? चाळीस माणसांत? मिरजेच्या, सांगलीच्या लोकांसमोर? संध्याकाळपर्यंत चार गावांत झालं असतं, आमच्या मगदुमांच्या घरात नवरा बायकोचा डाव नासवतो म्हणून. आणि मला तरी नक्की माहीत होतं का? माणसाला खोकला येतोच. माणूस घड्याळ बघतोच.

त्रिशलाने तक्रार केली असती तर प्रश्न नव्हता. लीगचा नियमच तसा: खेळणाऱ्याने हात वर केला की पंच बघ्याला बाहेर काढतो. तिने हात वर केला नाही. नवऱ्याविरुद्ध भर हॉलात कुठली बाई हात वर करते? ती सातव्या डावानंतर बॉल मांडायला वाकली. हरेल त्याने मांडायचे. तेव्हा तिच्या कपाळावरचा घाम टेबलाच्या हिरव्या कापडावर पडला आणि तिने तो पदराने टिपला, डाग राहू नये म्हणून. माझ्याकडे बघितलं नाही.

आठव्या डावाच्या सुरुवातीला शीतलला फोन आला. सूत बाजारातल्या कोणाचा तरी. तो बाहेर गेला.

तो बाहेर असेपर्यंत ती एकदाही चुकली नाही. आपले सातही बॉल आणि शेवटी काळा, जो घातला की डाव जिंकला, एका दमात. नदाफांनी स्टिक फरशीवर आपटायला सुरुवात केली ती थांबवलीच नाही. चार-चार.

आता मला ‘नक्की माहीत नव्हतं’ असं म्हणायला जागा राहिली नाही.

फोन संपवून शीतल आत आला. मी त्याला बोलावलं. तो स्टुलापाशी वाकला.

‘बाहेर बस जा,’ मी हळू म्हणाले. ‘पायऱ्यांवर. निकाल लागला की हाक मारते.’

‘का गं?’

‘तुझ्यानं तिचं लक्ष उडतंय.’

‘माझ्यानं?’ त्याने मोठ्याने म्हटलं. आजूबाजूची दोन-चार डोकी वळली. ‘नवऱ्यानं बायकोची मॅच बघू नये? काय बोलतीस आई, लोक काय म्हणतील?’

लोक काय म्हणतील. माझ्याच मनातलं त्याने उचलून माझ्यासमोर ठेवलं. मी म्हणायला हवं होतं, जा म्हणजे जा. माझ्या जिभेला धार आहे असं सगळं गाव म्हणतं. त्या दिवशी ती टाळूला चिकटली.

‘बरं, मग भिंतीला लागून उभा राहा,’ मी म्हणाले. ‘हलू नकोस.’

तो भिंतीला लागून उभा राहिला. नववा डाव सुरू झाला.

तो डाव कसा गेला ते मला अजून तुकड्यातुकड्यांनी आठवतं. नदाफ पुढे, मग ती पुढे. दोघांचेही हात सावध. एकेका बॉलला पाच-पाच मिनिटं. शेवटी तिच्यासाठी टेबलावर फक्त काळा राहिला, नदाफांचा एक बॉल आणि काळा. पांढरा मध्यावर, काळा खिडकीकडच्या पॉकेटापासून वीतभर अंतरावर, सरळ रेषेत. असा बॉल आमच्या हॉलातलं नवखं पोरगंही डोळे मिटून घालतं.

आणि खिडकीकडच्या पॉकेटामागे भिंत होती. भिंतीला लागून शीतल.

त्रिशला वाकली आणि परत उठली. तिने माझ्याकडे बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदाच. बोलली काही नाही, हातही वर केला नाही, बघितलं फक्त. मला कळलं तिला काय हवंय. पंचाने आपण होऊन बोलावं.

मी खाली बघितलं. माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो बघितला.

ती वाकली. स्टिक मागे ओढली. शीतलने खिशातून पांढरा रुमाल काढून झटकला आणि तोंड पुसलं.

काळा पॉकेटाच्या ओठावर जाऊन अडकला. आत नाही, बाहेर नाही. भिंतीकडेच्या माणसांनी ‘अरेरे’ केलं. आता नदाफांना आपला एक बॉल घालायचा आणि काळ्याला नुसतं हात लावल्यासारखं करायचं, इतकंच बाकी.

त्रिशला खुर्चीत जाऊन बसली. स्टिक मांडीवर घेतली आणि तिचे मधले आटे फिरवायला हात लावला. आमची स्टिक दोन तुकड्यांची, मधे आट्यांनी जोडलेली. डाव चालू असताना आटे सोडले म्हणजे डाव सोडला, हार मानली; लीगमध्ये मग पुढे खेळायचंच नसतं. तिने मुठीत दोन्ही तुकडे धरले.

‘थांबा वहिनी,’ नदाफ म्हणाले. ‘ती स्टिक तशीच राहू दे.’

ते वाकले नाहीत. स्टिक हातात धरून माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

‘आक्का, पंच तुम्ही. एक विचारतो. ती वाकल्यावर शीतलराव हलतात, हे मला माझ्या खुर्चीतनं दिसलं. खोटं बोलत असेन तर सांगा. बघ्यामुळं मार बिघडला आणि पंचानं बघितलं असलं, तर मार परत घ्यायचा. पंचानं बघितलं नसलं, तर झालं ते झालं, मी खेळतो. तुम्ही बघितलं का?’

भिंतीकडेची माणसं पुढे सरकून बसली.

‘नदाफसाहेब, हे काय आता?’ शीतल भिंतीपासून पुढे आला. ‘घाम पुसायचा नाही का माणसानं? आई, सांग की त्यांना.’

मला चाळीस तोंडं दिसत होती. त्यात शीतलचं एक, लहानपणी ताप आला की व्हायचं तसं. मला वाटलं, ‘नाही’ म्हणायला एकच शब्द लागतो. उद्या सगळं विसरतील लोक.

‘बघितलं,’ मी म्हणाले.

‘आई!’

‘बघितलं. रुमाल बघितला, घड्याळ बघितलं. सातव्या डावापासनं बघतेय.’

मी सांगितलं, मार परत. नदाफांनी स्वतः काळा उचलला, जागेवर ठेवला, पांढरा ठेवला. ‘वहिनी, इथंच होता ना? बघून घ्या.’ मी शीतलला दाराबाहेर उभं केलं, दार उघडं ठेवून, म्हणजे तो कुठे आहे ते सगळ्यांना दिसेल. खिडकीकडची सगळी माणसं मी उठवली. पॉकेटामागे नुसती पांढरी भिंत राहिली.

त्रिशला उठली. टेबलाकडे जाता जाता माझ्या स्टुलापाशी थांबली.

‘सातव्यापासनं, आत्या?’ तिने हळू विचारलं. आमच्याकडे सुना सासूला आत्या म्हणतात.

‘हो गं.’

तिने मान हलवली, जशी भाजीचा भाव ऐकून हलवतात तशी, आणि गेली.

वाकली. कोणी हललं नाही, खोकलं नाही. तिची स्टिक मागे गेली, थांबली, पुढे आली.

काळा ओठाला लागला आणि बाहेर आला. ती चुकली. कोणीही काहीही न करता, चुकली. तिचा हात थरथरला होता. मला दिसला, नदाफांना दिसला. तो कशाने थरथरला तेही मला कळलं, आणि ते कुठल्या नियमात बसत नव्हतं.

नदाफांनी आपला बॉल घातला. मग काळा घातला. हॉलातल्या कोणी टाळी वाजवली नाही, मग एकाने वाजवली, मग सगळ्यांनी. त्रिशला उठून त्यांच्याकडे गेली, पदर सारखा केला, हात पुढे केला.

‘काका, चांगले खेळलात. पुण्याला जिंकून या.’

‘तुम्ही हरला नाहीत वहिनी,’ ते म्हणाले.

‘हरलेच की. काळा राहिला.’ ती हसली. त्या दिवसातलं पहिलं हसू. मग ती बॉल गोळा करायला वाकली.

मिरजेची माणसं नदाफांभोवती गोळा झाली. शीतल दारातून आत आला. चेहऱ्यावर थकवा नव्हता, राग नव्हता. एक प्रकारची सुटका होती. मी त्याला नऊ महिने पोटात आणि पस्तीस वर्षं डोळ्यासमोर वागवलेलं. मला वाचता येतं.

‘बघितलंस?’ तो माझ्याजवळ येऊन म्हणाला. आता हळू बोलायची त्याला गरज वाटली नाही. ‘आता कोण हललं? मी तर दाराबाहेर होतो. उगाच चारचौघांत माझी शोभा केलीस. चुकायची ती चुकलीच.’

मी स्टुलाच्या कडेला सरकले.

‘असू दे,’ तो म्हणाला. ‘ठरलं होतं तसं करू. त्रिशला, स्टिक आण इकडे, मी माळ्यावर टाकतो.’

त्रिशलाचा हात बॉलवर थांबला. तिने वर बघितलं नाही. मग एक बॉल तिने मांडायच्या लाकडी त्रिकोणात ठेवला, आणि खुर्चीवरची स्टिक घ्यायला वळली. देणार होती. ‘बरं’ म्हणाली होती ना ती. त्रिशलाने शब्द दिला की दिला.

मी स्टुलावरून उतरले. गुडघे कळ देत होते. तिच्या आधी खुर्चीपर्यंत पोहोचले आणि ती स्टिक हातात घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. वाटली होती त्याहून हलकी.

‘दे इकडं, आई,’ शीतल म्हणाला.

नदाफ बोलायचे थांबले. त्यांच्याभोवतीची माणसंही थांबली. थांबू दे म्हटलं. दुपारचे दीड वाजले होते, दार सताड उघडं होतं, रस्त्यावरचं ऐकणारं ऐको.

‘अट तू घातली होतीस शीतल,’ मी म्हणाले. ‘अट घालणाऱ्यानं बाजूला बसून निकाल बघायचा असतो. तू डावात उतरलास, तिच्याविरुद्ध उतरलास, तेव्हाच तुझी अट बाद झाली. मी ते सातव्या डावात सांगायला हवं होतं. माझं पोर म्हणून गप्प बसले, ते पाप माझं, ते मी तिच्यापाशी फेडीन. पण तुझं ऐक. ही आज हरली, हात मिळवून आली, बॉल गोळा करतीय. हिला हरता येतं. तुला मागल्या रविवारी हरता आलं नाही आणि आज बायकोला जिंकताना बघवलं नाही. ज्याला बघवत नाही, त्याला माझ्या हॉलात उभं राहायला जागा नाही. चल, बाहेर हो.’